तुमचं थेटर कशामुळे सुटलं?

दादरकरीण
काल बसने खोदादाद सर्कलवरून जाताना चित्रा थेटरच्या जागेकडे नजर गेली आणि बाबा आठवले. रविवारी मॅटिनीला न्यायचे, मध्यंतरात समोसा ठरलेला. चित्रा २०१९ ला बंद झालं, पण खरं म्हणजे आमचं जाणं त्याच्या कितीतरी आधीच आटलं होतं. आता सगळं घरच्या टीव्हीवर. तुमचं काय? लिहा.

लालबागवाला
मराठी पिक्चरचा शो दुपारी बाराला. रजा टाकू? रविवारची वाट बघावी तर पुढच्या आठवड्यात शोच गायब. मग ओटीटीवर येईल तेव्हा. निर्मात्याचं नुकसान होतं, कळतं, पण साहेबाला काय सांगणार.

बदलापूर स्लो
शेवटची कर्जत लोकल!! क्लायमॅक्सला पडद्याऐवजी एम-इंडिकेटरवर गाडीची वेळ बघत होतो. खुनी कोण ते घरी आल्यावर बायकोने सांगितलं.

सुमनताई
आमच्या ह्यांना शुगर, सारखं उठावं लागतं. काळोखात लोकांचे गुडघे ओलांडत. घरी पॉज करता येतं. आणि हल्लीचे नट कुजबुजतात फार, मी खालची अक्षरं वाचते. थांबा, शिट्टी झाली

चेंबूरचा
मार्च २०२० ला बंद झालेली थेटरं, मधले थोडे महिने सोडले तर, ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तेही निम्म्या खुर्च्यांवर. तोवर भिंतीवर ४३ इंची लागला होता, हप्ते चालू. वसूल नको करायला?

परळची सून
माझं उलटंच. लग्न झालं तेव्हा दहा बाय बाराची खोली, त्यात सासू-सासरे, दोन दीर. थेटर म्हणजे तीन तास एसी आणि शेजारी नवरा! पिक्चर कुठला ते विचारू नका. आता दोन खोल्या आहेत, तर मुलगी कानात हेडफोन घालून, हे क्रिकेटला चिकटलेले. एकत्र कोण काय बघतंय.

लालबागवाला
वहिनी, कुठला पिक्चर?

परळची सून
गप रे

नवी आई
आमची तर पाण्याची बाटलीपण दारात काढून घेतली. बाळाच्या पेजेवरूनही वाद.

वकिलीण
पेज अडवता येत नाही. सुप्रीम कोर्ट, जानेवारी २०२३: बाहेरचं खाणं थेटरवाले बंद करू शकतात, पण तान्ह्या बाळाचं नेता येतं आणि प्यायचं पाणी त्यांनी फुकट द्यायचं. मागायचं ठणकावून.

नवी आई
मागितलं. संडासाशेजारच्या कूलरकडे बोट दाखवलं.

वांद्रे पूर्व
सगळे रडताय काय, गेटी-गॅलेक्सीला या एकदा. शिट्ट्या मारणारं पब्लिक सोफ्यावर कुठून आणाल?

बदलापूर स्लो
येतो. परतीचं भाडं तू दे.

दादरकरीण
सुमनताई, कुकर उतरला का? वालाच्या बिरड्याची कृती देणार होतात.

सुमनताई
देते गं. वाल मोड आणून, सोलून घे. नारळाचं दूध अगदी शेवटी, नाहीतर फुटतं.