मदत हवी आहे: सबटायटलमध्ये 'स्टेजकोच'ला काय लिहू?

जॉन वेनच्या 'द स्टार पॅकर' (१९३४) या जुन्या वेस्टर्नचे, म्हणजे अमेरिकी काउबॉयपटाचे, मराठी सबटायटल करतोय. मोनोग्राम या चित्रपट कंपनीचा स्वस्तातला सिनेमा, तासाभराच्या आत संपतो. 'शॅडो' नावाचा म्होरक्या तोंड न दाखवता भिंतीतल्या तिजोरीआडून टोळीला हुकूम सोडतो आणि वाटेत गाड्या लुटल्या जातात. बाकी संवाद सोपे आहेत, मी अडलोय तो गाडीपाशीच.

स्टेजकोच म्हणजे चार किंवा सहा घोड्यांची बंद गाडी. ठरलेल्या टप्प्यांवर घोडे बदलत उतारू, टपाल आणि पैशांची पेटी नेणारी. 'टांगा' लिहिलं तर स्टेशनाबाहेरचा एका घोड्याचा टांगा डोळ्यांसमोर येतो, सगळा थरारच जातो. 'डाकगाडी' वाचून घरच्यांना आगगाडी वाटली. 'शिग्राम' हा घोडागाडीसाठीचा जुना शब्द मला फार आवडतो, पण आज किती जणांना कळेल? 'बग्गी' म्हटलं की लग्नाची वरात.

दरोड्याला मात्र 'वाटमारी' हा शब्द चपखल बसला, तो बदलणार नाही.

प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे, वेस्टर्न फारसे न पाहिलेले. ओळीत जास्तीत जास्त पस्तीस अक्षरं मावतात, तळटीप देता येत नाही. त्यामुळे 'स्टेजकोच' तसाच ठेवायचा तर पहिल्याच दृश्यात तो कळायला हवा.

आणखी एक. गाडीवानाशेजारी बंदूक घेऊन बसणाऱ्या राखणदाराला 'पहारेकरी' फार बैठं वाटतं. जुन्या टपाल टांग्यांच्या किंवा खजिन्याच्या गाड्यांच्या वर्णनात या दोघांसाठी, म्हणजे गाडी आणि तिचा हत्यारबंद सोबती, कुठले शब्द वाचल्याचे आठवतात का?