एसव्हीजी बटणावर माउस नेला तरी रंग बदलत नाही

प्रश्न : मामाच्या दूध डेअरीसाठी संकलनाचं वेबपेज करतोय. 'गाय' आणि 'म्हैस' अशी दोन मोठी बटणं, चित्रं मीच इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी (कोडच्या रूपात साठवलेलं चित्र) म्हणून काढली. सीएसएसमध्ये (पेजचं रंगरूप ठरवणारा कोड) एसव्हीजी बॅकग्राउंड इमेज म्हणून लावली आहे. हॉवरला, म्हणजे माउस वर आला की, शिंगं पिवळी व्हावीत म्हणून फिल (आतला रंग) बदलतोय, पण म्हैस ढिम्म! मग साधी, हॉवर, दाबलेली, बंद अशा दोन बटणांच्या आठ फाइली केल्या. तर पहिल्यांदा माउस नेला की बटण क्षणभर कोरं दिसतं. टॅबलेटवर बोट उचललं तरी शिंगं पिवळीच राहतात, ते वेगळंच. मामा विचारतो, "नोंद झाली की नाही रे?"

उत्तर १ : बॅकग्राउंडला लावलेल्या एसव्हीजीच्या आत पेजचं सीएसएस पोचत नाही, कितीही डोकं आपटा. एसव्हीजीचा कोडच बटण टॅगच्या आत ठेवा आणि आकृतीचा फिल 'करंटकलर', म्हणजे बटणाचा जो कलर तोच, असा करा. मग बटणाचा कलर बदलला की चित्र बदलतं. शिंगांसाठी वेगळा सीएसएस व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेला रंग) घ्या. हॉवरची फाइल माउस आल्यावरच मागवली जाते, म्हणून ते कोरं दिसत होतं. आठही फाइली उडवा.

प्रश्नकर्ता : केलं दादा. गाय बदलते, म्हैस अजून तशीच.

उत्तर २ : म्हशीची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. इंकस्केप रंग पाथच्या (चित्रातल्या एकेका आकाराच्या) स्टाइल अॅट्रिब्यूटमध्ये लिहून ठेवतो आणि तो तुमच्या स्टाइलशीटला भारी पडतो. तिथला फिल काढून टाका. माझी एक अख्खी रात्र यात गेली होती.

टॅबलेटसाठी हॉवरचे नियम 'हॉवर : हॉवर' मीडिया क्वेरीत टाका, म्हणजे ते माउससारखं हॉवर जमणाऱ्या उपकरणावरच लागतील. दाबलेली अवस्था म्हणजे 'अॅक्टिव्ह' हॉवरच्या खाली लिहा, नाहीतर माउसवाल्याला दाबल्याचं कळतच नाही. नोंद सेव्ह होईपर्यंत बटण डिसेबल करत असाल, तर हॉवरला 'नॉट डिसेबल्ड'ची अट घाला. बंद बटणालाही हॉवर लागू होतो.

उत्तर ३ : फोकस, म्हणजे कीबोर्डने बटणावर आल्याची अवस्था, विसरलात. लिटर, फॅट टाकून माणूस टॅब दाबत बटणावर येणार. 'फोकस-व्हिजिबल'ला ठळक आउटलाइन द्या. नुसतं शिंग पिवळं झालेलं डेअरीतल्या पहाटेच्या उजेडात कोणाला दिसणार?

प्रश्नकर्ता : ताई, बरोबर! मामा माउसला हातच लावत नाही. जाडजूड निळी आउटलाइन दिली. म्हशीच्या फाइलमध्ये अकरा ठिकाणी फिल होता, गायीच्या एकाही नाही. गाय मी दुसऱ्या साइटवरून स्वच्छ करून घेतली होती, हे आत्ता आठवलं. आता एक नवीनच : क्लिकचं टार्गेट (क्लिक कशावर झालं ते) बटण न येता शिंगाचा पाथ येतो.

उत्तर २ : 'करंटटार्गेट' वापरा, तो क्लिकचा कोड ज्याला जोडलाय ते बटणच देतो. नाहीतर एसव्हीजीला 'पॉइंटर-इव्हेंट्स नन' द्या, म्हणजे क्लिक चित्राला लागणारच नाही.

प्रश्नकर्ता : चाललं. सकाळच्या पाळीला लावतो.