शब्दचर्चा : ‘ट्रान्स’ – समाधी, तंद्री, वारं की नुसतंच ट्रान्स?

पारिजातक
एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. विषय गोव्यातलं ट्रान्स, म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत. संगीतप्रकाराचं नाव ‘ट्रान्स’ तसंच ठेवणार, त्यावर वाद नाही. अडलंय ते पुढे. नाचणारी एक बाई सांगते की पहाटेच्या सुमारास मी ‘ट्रान्समध्ये जाते’, आणि नंतरची चार-पाच वाक्यं त्याच अवस्थेबद्दल आहेत. तिथे मराठी शब्द हवाय. एका ओळीत फार अक्षरं मावत नाहीत, म्हणून ‘देहभान हरपलेली अवस्था’ वगैरे चालणार नाही. शिवाय ‘बिल्डअप’ (ताण वाढत जाणं), ‘ब्रेकडाउन’ (ठोका थांबणं), ‘ड्रॉप’ (ठोका परत येणं) हे तिघे सारखे येतात. त्यांचंही काही होईल का?

जुनापाना
भावसमाधी. शब्द तयार आहे, वापरा.

निवडुंग
समाधी नको हो. समाधीत देह स्थिर असतो आणि इथे माणूस सहा-सहा तास नाचतोय. शिवाय मराठी वाचकाला समाधी म्हटलं की आधी आळंदी आठवते, नाहीतर एखाद्या सरदाराचा चौथरा. ‘ती समाधीत गेली’ असं पडद्यावर दिसलं तर लोक बाई गेली असं समजतील.

तंद्रीही नको. तंद्री लागते ती गाडीत खिडकीशी बसल्यावर. गुंगी औषधाची, झिंग दारूची. धुंदी हिंदी-मराठी गाण्यांनी पार झिजवलीय.

आंबोळी
आमच्या सिंधुदुर्गात याला नेमका शब्द आहे. दसऱ्याला देवाची तरंगं (देवाची प्रतीकं असलेले उंच खांब) निघतात. ढोल-ताशांचा गजर एका ठरावीक जागी पोचला की तरंगं धरणाऱ्याच्या अंगात ‘अवसर’ येतो. मालवणीत ‘अवसर इलो’. घाटावर त्यालाच वारं येणं, संचार होणं म्हणतात. गोव्यात शिगम्याला ‘गडे’ (त्या विधीत भाग घेणारे गावकरी) असतात, तिथे ‘भार’ येतो. आणि अंगात आल्यावर माणूस जे करतो त्याला ‘घुमणं’ असं अस्सल क्रियापद आहे. वाद्याचा ठेका, रात्र, जमाव, आणि त्यातून भान जाणं, हे सगळं या एका शब्दात येतं. माहितीपट गोव्यातला आहे म्हटल्यावर शब्दासाठी लांब कशाला जायचं?

निवडुंग
शब्द सुंदर आहेत, पण त्यांत कोणीतरी दुसरा आत येतो. देव, देवी, नाहीतर भूत. अवसर आलेला माणूस बोलतो ते देवाचं बोलणं असतं, लोक त्याला कौल मागतात. ट्रान्सच्या मैदानात नाचणाऱ्या बाईला कोणी कौल मागत नाही. ती स्वतःपासून सुटायला आलेली असते, दुसऱ्या कोणाला जागा द्यायला नव्हे. ‘घुमणं’ मात्र मोह पाडतं.

कासवचाल
शब्द ठरवण्याआधी या संगीतात होतं काय ते सांगतो, नाहीतर आपण फक्त अवस्थेचे शब्द चाचपत बसू. मी बरीच वर्षं ऐकतोय, त्यामुळे जरा लांबेल.

पाया सरळ आहे. चार मात्रांचं आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलासारखा एक ठोका. वेग साधारण मिनिटाला १२५ ते १५०. त्यावर छोटे छोटे सूरसमूह पुन्हा पुन्हा फिरत राहतात, आणि दर आठ किंवा सोळा आवर्तनांनी त्यांत एखादीच गोष्ट बदलते. नवा आवाज येतो, जुना निघतो, नाहीतर तोच सूर हळूहळू उघडत जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे सगळं एकसुरी वाटतं. पण कान एकदा त्या संथ बदलाला सरावला की तो इतका बारीक ऐकू लागतो की एक झांज वाढली तरी मैदानभर आरोळी उठते. गंमत या इथे आहे. ठेका सांभाळायचं काम पाय आपोआप करतात, म्हणून लक्ष मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्या लक्षाला हे संगीत थोडं थोडं खाऊ घालत राहतं.

आता प्रकार. जर्मनीत, मुख्यतः फ्रँकफुर्टमध्ये, १९९०च्या आसपास टेक्नो या यंत्रठेक्याच्या नाचसंगीतातून जे निघालं त्याची पुढे युरोपात ‘अपलिफ्टिंग’ शाखा झाली. वेग १३६-१४०. मधोमध ठोका पूर्ण थांबतो, सुरांचा मोठा पट्टा उलगडतो, आणि मग ठोका परत येतो. १४०च्या वेगाला ३२ आवर्तनं म्हणजे जवळजवळ ५५ सेकंद, आणि तेवढा वेळ हजारो माणसं हात वर करून थांबलेली असतात. त्यातला तो रुंद, चमचमता आवाज नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या रोलँड जेपी-८००० या सिंथेसायझरने घरोघरी पोचवला. एकच सूर सात वेळा, किंचित बेसूर करून एकावर एक रचायचा. त्याचं नाव ‘सुपरसॉ’. नेदरलँड्सच्या डीजेंनी ही शाखा स्टेडियमपर्यंत नेली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात त्यांतलाच टिएस्टो वाजवत होता. मला ही शाखा फार गोड वाटते, तिसऱ्या गाण्यानंतर तोंड आंबतं.

गोवा ट्रान्स वेगळं. अंजुणा-वागातोरच्या किनाऱ्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येत होते. आधी रॉक चालायचं. ऐंशीच्या दशकात काही डीजेंनी युरोपातून आलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवर घेतलं आणि त्यातला गायलेला भाग कापून नुसतं वाद्यांचं जोडलं. शब्द गेले की माणूस अर्थ शोधणं सोडतो, हे त्यांना फार लवकर उमगलं. गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकायच्या, म्हणून कॅसेट आणि पुढे डॅट (डिजिटल टेप). डॅटवर दोन गाण्यांचे वेग जुळवायची सोय नव्हती. त्यामुळे गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याशिवायचा लांब, धुक्यासारखा तुकडा ठेवायची पद्धत पडली. आज लोक त्याला ‘आध्यात्मिक प्रारंभ’ वगैरे म्हणतात. मूळ कारण ते यंत्र.

यातलं बहुतेक संगीत गोव्यात वाजलं, पण बनलं लंडन, जर्मनी, फ्रान्स आणि इस्रायलमध्ये. १९९४च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड या इंग्रज डीजेने बीबीसी रेडिओ वनवर ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि गोव्याचं नाव घरात बसलेल्या इंग्रजांपर्यंत गेलं. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून गोव्यात आलेली इस्रायली पोरं ते तिकडे घेऊन गेली आणि त्यातून सायट्रान्सची (सायकेडेलिक ट्रान्सची) एक अख्खी पिढी उभी राहिली.

सायट्रान्सची खूण बासमध्ये, म्हणजे खर्जातल्या आवाजात आहे. एका मात्रेचे चार भाग करा. पहिल्यावर ठोका, उरलेल्या तिन्हींवर बास. ध-गगग, ध-गगग. १४५च्या वेगाला हे मिनिटाला ५८० आघात होतात. कान ते एकेक मोजू शकत नाही आणि सोडूही शकत नाही. त्यातही ‘फुल-ऑन’ दिवसाउजेडी, ‘प्रोग्रेसिव्ह’ जरा संथ, आणि ‘डार्क’ व ‘फॉरेस्ट’ मध्यरात्रीचे, १५०च्या पुढे पळणारे. कोणत्या प्रहरी काय वाजवायचं याचे नियम आपल्या गवयांइतकेच कडक असतात. सूर्य उगवल्यावर ‘डार्क’ वाजवणाऱ्याला लोक माफ करत नाहीत.

एलएसडी या अमली पदार्थाचा उल्लेख टाळणं खोटेपणाचं होईल. ते तिथे होतं. पण फक्त त्यामुळे हे संगीत टिकलं असं म्हणणाऱ्याने एकदा चहा पिऊन पहाटेपर्यंत नाचून बघावं.

तबलजी
कासवचाल, छान लिहिलंत. तुमच्या ‘ड्रॉप’ला आमच्याकडे शब्द आहे. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येणं.

निवडुंग
सम तर दर आवर्तनाला येते. ड्रॉप पाच-सहा मिनिटांतून एकदा.

तबलजी
तेही खरं. पण तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर पडतो ती सम आणि जाता-येता येणारी सम, यांत फरक असतोच की. तिहाई सुरू झाली की श्रोत्याला कुठे पडणार ते कळतं आणि तरीही तो श्वास धरतो. ठोका काढून घ्यायचा, ताण वाढवायचा, आणि ठरलेल्या जागी परत द्यायचा. काम एकच. उपशीर्षकात ‘बघ, आता समेवर येईल’ लिहिलं तर गाणं न ऐकणाऱ्यालाही कळेल. ‘बिल्डअप’ला ‘चढण’ चालेल. ‘ब्रेकडाउन’ला मात्र काही सुचत नाही. मराठीत ब्रेकडाउन फक्त एसटी होते.

आणखी एक. गोवा ट्रान्समध्ये जे ‘पौर्वात्य’ सूर म्हणतात, ते बरेचदा भैरवीचे असतात, नाहीतर त्यात शुद्ध गंधार घातला की बसंत मुखारीच्या जवळ जाणारे. राग नव्हे हां, फक्त स्वर. पण कोमल रिषभ सतत कानावर पडला की आपल्या माणसाला पहाट झाल्यासारखं वाटतं, आणि नेमकं पहाटेच वाजवतात म्हणे.

म्हापशेकर
मी गोव्यातल्या बार्देशचा. आमच्या भागातल्या बायका त्या पार्ट्यांना चटया, स्टोव्ह आणि दिवे घेऊन जायच्या, रात्रभर चहा-केक-ऑम्लेट विकायच्या. परदेशी त्यांना ‘चाय मामा’ म्हणायचे. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. आमची मुलं खिदळायची, कारण आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. माहितीपटात तो शब्द आला तर तळटीप घाला, नाहीतर लोक पडद्यावर मिशीवाला माणूस शोधतील.

दुसरं म्हणजे, आमच्या गावात या संगीताला कोणी ट्रान्स म्हणत नव्हतं. ‘धुमधुम’ म्हणत. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, म्हाताऱ्यांना झोप नाही, परीक्षेच्या दिवसांत तर भांडणंच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद केले, तेव्हापासून ‘पहाटेचं ट्रान्स’ बरंचसं आठवणीतलंच. नियम कितपत पाळला जातो ते विचारू नका. नाचणारीच्या अवस्थेसाठी शब्द जरूर शोधा, पण चित्रपटात गावकरी बोलत असेल तर त्याच्या तोंडी ‘ट्रान्स’ घालू नका. त्याला ‘धुमधुम’च बोलू द्या.

पारिजातक
दोन गावकरी आहेत आणि दोघं कोकणीत बोलतात. एकजण खरंच ‘धुमधुम’सारखं काहीतरी म्हणतो, मला वाटलं ध्वनिमुद्रणाचा दोष आहे. आभार!

माईनकाठ
फ्रँकफुर्टहून. इथल्या विमानतळाच्या इमारतीतच ‘डोरियन ग्रे’ नावाचा क्लब होता, १९७८ ते २०००. विमान चुकलेला माणूसही ट्रान्स ऐकू शकेल अशी जागा. स्वेन फेटसारखे डीजे याच शहरातले.

व्युत्पत्ती सांगतो. लॅटिन ‘ट्रान्सीरे’, म्हणजे ओलांडून पलीकडे जाणं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ट्रान्स’ म्हणजे जिवातून पलीकडे जाणं, आणि त्यावरून धास्ती. आनंदाचा अर्थ फार उशिराचा. मुंबईकरांसाठी: ट्रान्सहार्बर लाइनमधला ‘ट्रान्स’ त्याच कुळातला, पलीकडचा. फक्त त्यात कोणाचं भान हरपत नाही, हरपतो तो डबा पकडायचा धीर.

आणि लिंगाचं काय ठरलं? जर्मनमध्ये ट्रान्स स्त्रीलिंगी आहे. आपण वर ‘गोवा ट्रान्स वेगळं’ असं नपुंसकलिंगी लिहिलंय.

आंबोळी
संगीत मनात धरून ‘ते’. ‘रात्रभर ट्रान्स चालू होतं.’ माझा भाचा मात्र ‘काय भारी ट्रान्स वाजवला’ म्हणतो. त्याच्या मित्रांतही पुल्लिंगीच.

जुनापाना
गाणं म्हणून नपुंसक, अवस्था म्हणून पुल्लिंगी. भाषा आपोआप दोन अर्थ वेगळे करतेय, करू द्या.

निवडुंग
मला वाटतं आपण नाम शोधत बसलोय आणि अडचण क्रियापदात आहे. ‘ट्रान्समध्ये जाते’ हे मराठी नाहीच. मराठीत अशा अवस्थेत कोणी जात नाही, ती लागते. झोप लागते, तंद्री लागते, समाधी लागते, टाळी लागते (ब्रह्मानंदी लागणारी टाळी, हाताची नव्हे). आपण काही करत नाही, आपल्याला होतं. नाचणारी बाई नेमकं हेच सांगत असणार. ‘लय लागणं’ असाही जुना प्रयोग आहे. त्यात लय म्हणजे गतीही आणि विरून जाणंही, जसं मनोलय. दोन अक्षरांत दोन्ही.

आंबोळी
‘मला लय लागते’ वाचून अर्धा कोल्हापूर विचारेल, लय काय लागतंय?

पारिजातक
हसतेय, पण ते खरंच होईल! मी असं करते. पहिल्यांदा ‘पहाटे मला ट्रान्स लागतो’. क्रियापद आपलं, नाम त्यांचं, आणि जुनापानांच्या नियमाने पुल्लिंगी. पुढच्या वाक्यात संदर्भ पक्का झाल्यावर ‘ती लय एकदा लागली की’. एका ठिकाणी ती डोळे मिटून गोल फिरते, तिथे ‘घुमत राहते’ ठेवतेय. आंबोळी, तुमचा शब्द वाया जाणार नाही. ड्रॉपला ‘सम’, बिल्डअपला ‘चढण’. ब्रेकडाउनला ‘ठोका थांबला’ असं सरळ लिहीन.

राहिला ‘रेव्ह’. तो निवेदनात तीनदा येतो.

कासवचाल
तो मूळ शब्द ठेवाल तर जपून. मराठी वर्तमानपत्रांत ‘रेव्ह पार्टी’च्या मागे ‘वर छापा’ हे जणू प्रत्ययासारखं लागतं. २००७ मध्ये सिंहगडाजवळच्या पार्टीवर पोलिस गेले, तेव्हापासून तर तो शब्द गुन्हेवार्तेचाच झाला. निवेदक साधेपणाने बोलत असेल तर ‘रात्रीचा नाच’ म्हणा, किंवा नुसतं ‘पार्टी’.

तबलजी
आणि सायट्रान्स जोडून लिहा. तोडून ‘साय ट्रान्स’ लिहिलंत तर आमच्या घरी दुधावरची समजतील.