ई-स्कूटर रोज १०० टक्के चार्ज करायची का? (ग्वाल्हेरचं ऊन धरून सांगा)

लष्करची_सूनबाई:
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत ई-स्कूटर घेतली, ३ युनिटची लिथियम बॅटरी आहे. इथल्या लष्कर भागातून मुरारला शाळेत शिकवायला जाते, भाजीबिजी धरून रोज २०-२२ किलोमीटर, म्हणजे जेमतेम पाव बॅटरी उतरते. पण बाबा (सासरे) म्हणतात रोज रात्री लावायची आणि फुलच ठेवायची, त्यांच्या जुन्या बॅटरीच्या गाडीला मेकॅनिकने तसंच सांगितलेलं. माझा भाऊ म्हणतो ८० च्या वर जाऊच देऊ नकोस. शोरूमवाला म्हणे कसंही करा मॅडम, काही होत नाही! गाडी अंगणात पत्र्याखाली असते, दुपारी तीनला घरी येते तेव्हा सीटला हात लावला तर चटका बसतो आणि मी तशीच आल्या आल्या चार्जिंगला लावते कारण रात्री लाइटीचा भरवसा नाही. शिवाय मे अखेर तीन आठवडे पुण्याला जायचंय, फुल करून जाऊ ना?

वायरमन_भाऊ:
ताई, फुल करून अजिबात जाऊ नका. काकांची जुनी गाडी लेड-अॅसिडची असणार, ती अर्धवट ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून तिला फुल ठेवणंच बरोबर होतं. लिथियमचं उलटं. फुल भरलेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास ताणून बसलेला असतो, गाडी जागची हलली नाही तरी आत झीज चालू राहते, त्यात आपलं ४५ डिग्री आणि वर पत्रा. म्हणजे फुल आणि गरम, दोन्ही एकदम नको. आल्यावर तासभर सावलीत थंड होऊ द्या, मग लावा. पुण्याला जाताना ५०-६० टक्क्यांवर ठेवून चार्जर काढून जा. अगदी रिकामीही सोडू नका, बंद गाडीतसुद्धा थोडी थोडी उतरत राहते. आणि जिन्याखाली किंवा येण्याजाण्याच्या वाटेत चार्जिंग नको, कधी आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

दीनदयाल_नगरवाला:
भाऊंचं बरोबर आहे पण ८० चा बाऊ करू नका. पॅकमधले सगळे सेल सारखे भरले की नाही ते बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) बहुतेक वरच्या टोकाला गेल्यावरच जुळवतं, त्यामुळे अधूनमधून १०० करावीच लागते. तुमची बॅटरी एलएफपी (लिथियममधलाच लोह-फॉस्फेटवाला प्रकार) असेल तर जास्तच, तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास हलतच नाही, मग स्क्रीनवरचे टक्के भलतेच दाखवते. मॅन्युअलमध्ये एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला प्रकार) की एलएफपी ते बघा आणि कंपनीने जे लिहिलंय ते आधी. लांब जायचंय त्या दिवशी बिनधास्त १०० करा, फक्त निघायच्या जरा आधी पूर्ण होईल असं बघा, रात्री अकरालाच फुल होऊन सकाळपर्यंत तशीच नको.
मी यासाठी टायमर लावला पहाटे चारचा. काट्यावाला घेतला ती चूक, लाइट गेली की तोही थांबतो, एकदा दोन तास मागे पडला आणि मी साडेसातला निघालो तर गाडी ४६ वर. डिजिटल घ्या, आत सेल असलेला, १६ अँपियरचा. तुमचा चार्जर साधारण ७५० वॅटचा असेल तर ५० वरून ८० ला सव्वा-दीड तास पुरे, रात्रभराची गरजच नाही.

लष्करची_सूनबाई:
खूप आभार दोघांचे! मॅन्युअल काढलं, एनएमसी आहे. आता एक दिवसाआड ८० पर्यंत, महिन्यातून एकदा फुल. टायमरचं बाबांना अजून पटलेलं नाही, "मशीनवर काय विश्वास" म्हणतात, पण पत्र्याखालून गाडी ओसरीवर चढवायला फळी त्यांनीच शोधून लावली. ओसरीला मागून दुसरं दार आहे त्यामुळे वाटेची काळजी नाही. फक्त तिथली त्यांची आरामखुर्ची आता कुठे ठेवायची यावर कालपासून घरात बैठक चालू आहे 😄