‘स्टेबल’ आणि ‘स्टेडी’ : दोन्हींना ‘स्थिर’ म्हणून कसे चालेल?

ऐरोलीकर
ठाणे–बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्याच्या नियंत्रण कक्षात काम करणाऱ्यांसाठी असलेली प्रशिक्षण पुस्तिका मी मराठीत करीत आहे. त्यात एक वाक्य असे आहे की, प्रक्रिया नुसती ‘स्टेडी’ असणे पुरेसे नाही, ती ‘स्टेबल’ असली पाहिजे. दोन्ही शब्दांसाठी पहिला मराठी पर्याय ‘स्थिर’ हाच सुचतो, आणि मग वाक्य होते, ‘प्रक्रिया नुसती स्थिर असणे पुरेसे नाही, ती स्थिर असली पाहिजे.’

हा भेद कारखान्यात जिवावरचा असल्यामुळे तो सोडून देता येत नाही. उष्णता देणारी अभिक्रिया चालू असलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये तापमान वाढले की अभिक्रियेतून निघणारी उष्णता झपाट्याने, चढत्या पटीने वाढते. भोवतीच्या जॅकेटमधील पाणी ती उष्णता बाहेर नेते, परंतु ते काम केवळ तापमानांतील फरकाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या तापमानाला या दोन्ही बाजू नेमक्या बरोबरीला येतात आणि पडद्यावरची रेघ सरळ दिसते. तरीही तेथून तापमान किंचित वर सरकले, तर निघणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेला मागे टाकते आणि रिअ‍ॅक्टर हाताबाहेर जातो. अशा वेळी प्रक्रिया ‘स्टेडी’ असते, ‘स्टेबल’ नसते. हे एका वाक्यात सांगणारे मराठी शब्द कोणते?

नौपाडेकर
प्रश्न उत्तम आहे आणि माझ्या मते त्याचे उत्तर भाषेतच आहे. ‘स्थिर’ या विशेषणापासून ‘स्थिरता’ आणि ‘स्थैर्य’ अशी दोन भाववाचक नामे होतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एकच असला, तरी भाषा अशा जोड्यांना वेगवेगळ्या कामांना लावते. धीर आणि धैर्य ही एकाच घरातील भावंडे आहेत, परंतु ‘धीर धर’ म्हणताना आपण थांबायला सांगतो आणि ‘धैर्य दाखव’ म्हणताना पुढे जायला. त्याप्रमाणे मोजमाप न बदलणे म्हणजे स्थिरता आणि धक्का पचवण्याचा गुण म्हणजे स्थैर्य, असे ठरवावे. नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

ऐरोलीकर
आपली वाटणी मला पटते, पण माझ्या वाक्याला विशेषण हवे आहे आणि ‘स्थैर्य’ला स्वतःचे विशेषण नाही. ‘स्थैर्ययुक्त प्रक्रिया’ असे लिहिले, तर रात्रपाळीचा माणूस तेवढ्यावरच अडखळेल.

कळवेकर
विद्युत पारेषणात आयुष्य गेल्यामुळे मला ‘स्थिर’ या शब्दाबद्दलच मूलभूत आक्षेप आहे. आमच्याकडे ज्याच्या स्टॅबिलिटीची चिंता केली जाते, ते यंत्र मुळात फिरत असते. 50 हर्ट्झच्या जाळ्याला जोडलेले दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेते, आणि त्याला ‘स्थिर’ म्हटले की ऐकणाऱ्याला ते बंद पडले असे वाटते. भोवरा फिरतो तोवरच उभा राहतो आणि थांबला की पडतो; जनित्रांचेही तसेच आहे, त्यांचा तोल गतीतच आहे.

जाळ्यातील सर्व जनित्रे एका तालात फिरतात. एखादी वाहिनी अचानक तुटली की त्यांच्या घूर्णकांमधील (फिरत्या भागांमधील) कोन बदलतो, ती एकमेकांच्या मानाने पुढेमागे झुलतात आणि सगळे ठीक असेल तर झोके लहान होत जाऊन पुन्हा ताल जुळतो. कोन वाढतच गेला तर ताल सुटतो आणि संरक्षक रिले त्या यंत्राला जाळ्यापासून तोडतात. या सगळ्यासाठी मराठीत ‘सावरणे’ हे क्रियापद आहे आणि ते घरोघरी वापरात आहे. ‘प्रक्रिया नुसती स्थिर असून भागत नाही, धक्का बसला तर ती सावरली पाहिजे,’ असे लिहून पाहा.

कोपरखैरणेकर
मी उपकरण विभागात काम करतो. आमच्याकडे ‘स्थिर’ही म्हणत नाहीत आणि ‘स्थैर्य’ही म्हणत नाहीत. व्हॉल्व्ह सतत उघडमीट करू लागला की ‘लूप (मोजमाप पाहून व्हॉल्व्ह हलवणारी नियंत्रण साखळी) हंटिंग करतोय’ म्हणतात आणि थांबला की ‘लूप बसला’ म्हणतात. झिग्लर आणि निकोल्स यांनी 1942 साली दिलेल्या पद्धतीत कंट्रोलरचा गेन, म्हणजे चुकीला तो किती जोराने प्रतिसाद देतो ते प्रमाण, वाढवत नेऊन लूपला मुद्दाम अशा टोकावर आणतात, की हेलकावे वाढतही नाहीत आणि विरतही नाहीत. त्या ठिकाणचा गेन आणि हेलकाव्याचा काळ यांवरून सेटिंग काढतात. या टोकावरच्या लूपला आपण स्थिर म्हणणार की अस्थिर? पुस्तिका लिहिणाऱ्यांनी याही स्थितीला नाव द्यावे. माझ्या मते ‘हंटिंग’ हा आता मराठी शब्द आहे आणि तो पुस्तिकेत तसाच राहावा.

नौपाडेकर
‘हेलकावे’ हा शब्द आपण स्वतःच आपल्या उत्तरात वापरला आहे. जो शब्द लिहिताना सहज आला, तोच पुस्तिकेत आला तर काय अडते? ‘दिनांक’ हा शब्ददेखील एके काळी लोकांना अवघड वाटत होता आणि आज प्रत्येक अर्जावर तो छापलेला असतो.

कोपरखैरणेकर
हेलकावे बोटीला किंवा वाऱ्याने फांदीलाही बसतात, कारण ते बाहेरून येतात. ‘हंटिंग’ म्हणजे यंत्रणेच्या स्वतःच्या दुरुस्तीतून निर्माण झालेला हेलकावा, आणि ही बाब ‘हेलकावे’ या शब्दात येत नाही. कंट्रोलर चूक सुधारायला जातो, उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त जोराने सुधारतो, आणि त्यातून उलट दिशेची चूक तयार होते. माणसाने तो लूप मॅन्युअलवर घेतला की हेलकावे थांबतात, यावरूनच ते ओळखले जाते.

वाशीकर
येथे गणिताच्या बाजूने थोडे सांगणे मला आवश्यक वाटते. कोपरखैरणेकरांनी सांगितलेली अडचण वाफेच्या इंजिनांचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरांना होती, आणि मॅक्सवेल यांनी 1868 साली त्यावर निबंध लिहिला. धक्का बसल्यानंतर काय होऊ शकते, याचे चार प्रकार त्यात सांगितले आहेत. विचलन सतत वाढत जाते, किंवा सतत कमी होत जाते. अथवा ते हेलकाव्यांच्या रूपाने वाढते, किंवा हेलकाव्यांच्या रूपाने विरते. राउथ यांनी 1877 साली आणि हुरविट्झ यांनी 1895 साली, समीकरण न सोडवता केवळ त्याच्या सहगुणकांवरून यांपैकी काय घडेल हे सांगणाऱ्या कसोट्या दिल्या. थोडक्यात, स्थैर्य आहे की नाही हे धक्का दिल्यानंतर काय घडते यावरून ठरते, आणि ऐरोलीकरांच्या पडद्यावरची सरळ रेघ त्याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

परंतु कळवेकरांच्या ‘सावरणे’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. रशियन गणितज्ञ ल्यापुनोव्ह यांनी 1892 साली स्थैर्याची जी व्याख्या केली, तिच्यात परत येण्याची अट नाही. धक्का लहान ठेवला तर विचलनही लहानच राहते, एवढीच अट आहे. घर्षण नसलेला लंबक हलका धक्का दिल्यावर कायम डोलत राहील, कधीही थांबणार नाही, आणि तरीही त्याची लोंबती अवस्था त्या व्याख्येनुसार स्टेबल आहे. परत येण्याच्या गुणाला वेगळे नाव आहे, ‘अनंतस्पर्शी स्थैर्य’. ‘सावरणे’ म्हणजे परत तोलावर येणे, म्हणून ते या दुसऱ्या गुणाचे नाव होईल, पहिल्याचे नाही.

कळवेकर
ताई, आपली व्याख्या अचूक आहे, पण प्रत्यक्षात घर्षण नसलेला लंबक नियंत्रण कक्षात कोणी पाहत नाही. विरत नसलेले झोके जाळ्यात दिसू लागले, तर आम्ही त्यांना स्थैर्य म्हणत बसत नाही, तातडीने वीजप्रवाह कमी करायला सांगतो.

आणखी एक भेद मात्र मला महत्त्वाचा वाटतो. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तरेकडील जाळी कोसळली, तेव्हा पश्चिमेचे जाळे वेगळे झाले आणि चालू राहिले. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा–पडघे या 400 किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडल्यानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा पुरवठा गेला. पहिल्या प्रसंगी पश्चिमेच्या जाळ्याने ‘तग धरला’ असे आपण म्हणू, दुसऱ्या प्रसंगी तसे म्हणता येत नाही. ‘तगणे’ म्हणजे भाग गमावूनही टिकणे, ‘सावरणे’ म्हणजे तोलावर परत येणे. ही दोन क्रियापदे मराठीत आधीच वेगळी आहेत आणि अभियंत्यांनी ती वेगळीच ठेवावीत.

बेलापूरकर
मी पुलांच्या आराखड्यांचे काम करतो. टॅकोमा नॅरोज पूल 7 नोव्हेंबर 1940 रोजी ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात कोसळला, आणि अनेक ठिकाणी त्याचे कारण ‘अनुस्पंदन’ (रेझोनन्स) असे दिलेले असते. अनुस्पंदनासाठी बाहेरचा धक्का ठरावीक तालात यावा लागतो, आणि त्या दिवशी वारा तसा तालात वाहत नव्हता. पूल पिळू लागल्यावर त्याच्या पिळण्यामुळेच वाऱ्याचा दाब असा बदलत गेला, की प्रत्येक झोक्यात वारा पुलाला ऊर्जा देऊ लागला. अवमंदन (झोके विरवणारा परिणाम) ऋण झाले. म्हणजे हा अस्थैर्याचा प्रकार होता, आणि कोपरखैरणेकरांच्या हंटिंगशी त्याचे नाते अनुस्पंदनापेक्षा जवळचे आहे. तेव्हा चुकीचा शब्द चुकीचे कारण शिकवतो, याकडे नौपाडेकरांनीही लक्ष द्यावे.

जाता जाता, पुस्तिकेत ‘मॉडेल’ला काय म्हटले आहे? ‘प्रतिकृती’ वाचले की मला वाऱ्याच्या बोगद्यात ठेवलेला लहान पूल दिसतो. समीकरणांना प्रतिकृती म्हणू नये.

नौपाडेकर
त्यासाठी ‘प्रतिमान’ हा चांगला शब्द आहे. प्रतिकृती डोळ्यांना दिसते आणि प्रतिमान बुद्धीला समजते, असा सरळ भेद करता येतो.

कोपरखैरणेकर
‘मॉडेल’ हा शब्द शाळेतील मुलापासून फिटरपर्यंत सर्वांना कळतो. ‘प्रतिमान’ शिकवण्यात जो वेळ जाईल, त्यात मी एक लूप ट्यून करायला शिकवीन.

वाशीकर
मी वर्गात ‘गणिती प्रारूप’ म्हणते आणि विद्यार्थी ते स्वीकारतात. मात्र ‘प्रारूप’ शासकीय मसुद्यालाही वापरतात, ही त्याची अडचण मला मान्य आहे.

ऐरोलीकर
मॉडेलसाठी मी ‘मॉडेल’च ठेवले आहे. माझ्या मूळ वाक्यासाठी सध्या ‘प्रक्रिया नुसती एका जागी बसलेली असणे पुरेसे नाही, ढळली तर ती सावरली पाहिजे’ असा मसुदा केला आहे. ‘बसणे’ कोपरखैरणेकरांचे आहे आणि ‘सावरणे’ कळवेकरांचे. वाशीकर ताईंचा आक्षेप कायम असेल, तर पर्याय सुचवावा.

वाशीकर
कायम आहे. ‘ढळू न देणे’ आणि ‘ढळल्यावर सावरणे’ हे वेगवेगळे गुण आहेत आणि पुस्तिकेने ते एकत्र करू नयेत.

नौपाडेकर
‘प्रारूप’ला माझाही विरोध आहे, कारण त्यात ‘प्र’ उपसर्गाने पुढचे, आधीचे रूप सुचते. प्रतिमानाबद्दल कोणी अद्याप सयुक्तिक आक्षेप घेतलेला नाही.

कळवेकर
शब्दांची गरज यापुढे वाढणारच आहे, म्हणून एक नवी अडचण मांडतो. सौरऊर्जेचे इन्व्हर्टर फिरत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे जनित्रासारखे जडत्व नसते आणि निर्मिती अचानक कमी झाली की वारंवारता अधिक वेगाने घसरते. या इन्व्हर्टरांचे दोन वर्ग आहेत. एक जाळ्याचा ताल पाहून त्यामागे जातो, दुसरा स्वतः ताल धरून ठेवतो. पहिल्याला मी ‘अनुगामी’ म्हणतो. दुसऱ्यासाठी ‘तालधारी’ चालेल का, की बेलापूरकरांना त्यातही अनुस्पंदन ऐकू येईल?

बेलापूरकर
‘तालधारी’ मला योग्य वाटतो. ‘अनुगामी’ मात्र विद्युत अभियंत्यांखेरीज इतरांना कळणार नाही. ‘तालानुसारी’ म्हणून पाहावे.