ॲडमिन असूनही परवानगी मागतो त्याबद्दल

अहो भिया, अकाउंट ॲडमिनचं असून "परवानगी नाही" येतंय म्हणून लगेच विंडोज उडवू नका. ॲडमिनने लॉगिन केलं तरी प्रोग्राम साध्याच हक्काने उघडतो, राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" म्हणावं लागतं. मेसेजमध्ये ट्रस्टेडइन्स्टॉलर हे नाव असेल तर मात्र ती फाइल खुद्द विंडोजची, तिला हात लावू नका.

आता दुसरा प्रश्न, रात्री डिस्कचा वापर 100 टक्क्यांवर जातो त्याचं. बऱ्याचदा ते विंडोजच्या अपडेटमुळे होतं. कुणी अपडेटची सर्व्हिसच बंद करा म्हणतात, ते नको, ती बऱ्याचदा आपोआप परत चालू होते आणि मग सगळे अपडेट एकदम अंगावर येतात. टास्क मॅनेजरमध्ये (काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडो) मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, म्हणजे अपडेट बसवणारा विंडोजचाच प्रोग्राम, दिसला तर जरा दम धरा. हॉटस्पॉटवर असाल तर मीटर्ड कनेक्शन (डेटा मोजून वापरायची सेटिंग) ऑन करा, बहुतेक डाउनलोड थांबतात, आणि ॲक्टिव्ह अवर्स (तुमच्या कामाचे तास) लावा म्हणजे कामाच्या मध्येच रीस्टार्ट होणार नाही, 18 तासांपर्यंत लावता येतात.

इथे जेलरोडवर एकाने आमच्या काकांच्या पीसीत यूएसीच (बदल करण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) बंद करून दिलं, कटकट नको म्हणे! मग काय, जे येईल ते न विचारता आत. त्यापेक्षा पोरांना स्टँडर्ड (कमी हक्कांचं) अकाउंट द्या आणि ॲडमिनचा पासवर्ड आपल्यापाशी ठेवा.