यंत्रमानवाचे ‘देहभान’ म्हणावे का?

प्रश्न : पुण्यातील शाळांसाठी यंत्रमानवांवर एक पुस्तिका लिहीत आहे. कृत्रिम उत्क्रांतीच्या साहाय्याने स्वतःच्या शरीराची रचना ओळखणाऱ्या यंत्राबद्दल लिहिताना ‘देहभान’ हा शब्द सहज उतरला. तो योग्य आहे का?

उत्तर : मला तो खटकतो. मराठीत देहभान बहुधा हरपते किंवा विसरले जाते, आणि कीर्तनात तर ते हरपले म्हणजेच बरे. ‘देहबुद्धी’ त्याहून अडचणीची, कारण तिच्यात ‘देह म्हणजेच मी’ हा भ्रम गृहीत असतो आणि या यंत्राला ‘मी’ आहे असा कोणाचा दावा नाही.

२००६ साली बोंगार्ड, झायकोव्ह आणि लिप्सन या संशोधकांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या प्रयोगातील अशाच यंत्राला चार पाय आणि आठ मोटारी होत्या, पण ते भाग एकमेकांना कसे जोडले आहेत हे त्याला सांगितलेले नव्हते. ते एखादी हालचाल करी, अंग किती कलले हे मोजी आणि त्यावरून आपल्या शरीराचे अनेक आराखडे मांडी. मोजमापाशी जुळणारे आराखडे टिकत, त्यांत किरकोळ बदल होऊन पुढची पिढी तयार होई, आणि पुढची हालचाल अशी निवडली जाई की जिच्या परिणामाबद्दल उरलेल्या आराखड्यांचे आपसात सर्वाधिक मतभेद असतील. (ही युक्ती मला फार आवडते.) पायाचा एक भाग काढून टाकल्यावर जुना आराखडा जुळेना, तेव्हा त्याने नवा शोधला आणि त्याला साजेशी चालही बसवली. म्हणजे येथे उत्क्रांती झाली ती धातूच्या शरीराची नव्हे, त्या शरीराविषयीच्या तर्कांची.

म्हणून मी ‘शरीराचा अंदाज’ असे लिहीन. शनिवार पेठेतल्या बोळातून टेम्पो काढणाऱ्याला ‘गाडीचा अंदाज आलाय’ असे आपण म्हणतो, ‘गाडीचे भान’ म्हणत नाही. भान रस्त्याचे ठेवायचे असते.

प्रश्नकर्ता : पटले, परंतु प्रकरणाच्या शीर्षकाला ‘अंदाज’ फार सैल वाटतो. ‘शरीरप्रतिमा’ चालेल?

उत्तर : तो शब्द मानसशास्त्रात आपले रूप आपल्याला कसे वाटते या अर्थाने रुळला आहे, त्यामुळे मुलांचा गोंधळ होईल. शीर्षकात ‘शरीराचे प्रतिमान’ (म्हणजे मॉडेल) घ्यावे आणि मजकुरात अंदाज राहू द्यावा. डोळे मिटूनही बोट नाकाला लावता येते ती माणसाची क्षमता सांगताना मात्र ‘अंगभान’ मला चालेल.